सारुमान बोलतो ते पटतं, पण त्यात लॉजिकल फॅलसी नक्की कुठली?

धुक्यातला_वाचक

टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज परत वाचतोय आणि दुसऱ्या भागातल्या सारुमान या फितूर जादूगाराच्या प्रकरणापाशी अडकलोय. वाचलेल्यांना आठवत असेल, तो युद्ध हरलाय, स्वतःच्याच मनोऱ्यात कोंडला गेलाय, खाली राजा थिओडेन आणि त्याचे घोडेस्वार उभे आहेत, त्यांची कित्येक माणसं यानेच मारवलीत, आणि तरी हा वरून बोलायला लागला की तेच स्वार आपसात कुजबुजायला लागतात की बरोबर बोलतोय हा. आणि खरं सांगायचं तर वाचताना मलाही तसंच वाटतं. म्हणून प्रश्न असा की यात तर्कदोष म्हणून बोट ठेवता येईल अशी जागा कुठे आहे, की हे सगळं फक्त आवाजाच्या जादूवर ढकलून लेखक मोकळा झालाय?

दुसरं म्हणजे याच्या उलट केस. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेच्या १९५० च्या पहिल्या पुस्तकात लूसी कपाटातून दुसऱ्या जगात जाऊन आल्याचं सांगते, तेव्हा प्रोफेसर तिच्या भावंडांना सांगतो की लूसी एकतर खोटं बोलतेय, नाहीतर तिला वेड लागलंय, नाहीतर ती खरं बोलतेय, पहिल्या दोन गोष्टी नाहीत म्हणजे तिसरी. हे मला कच्चं वाटतं, पण पुस्तकात तर तोच शहाणा माणूस आहे. चांगल्या पात्राने केलेला कच्चा युक्तिवाद आपण सोडून देतो का? सविस्तर लिहा प्लीज, फॅलसींची नावं मला माहीत आहेत, नुसती यादी नकोय.

शाईचा_डाग

जागा आहे, आणि ती लेखकाने लपवलेलीही नाही. राजाचा भाचा एओमेर मेलेल्या माणसांची आठवण करून देतो तेव्हा सारुमान त्याला धड उत्तर न देता थेट राजाकडे वळतो आणि म्हणतो की लढाईत शूर माणसं पडली म्हणून मी खुनी ठरत असेन तर तुमचं अख्खं घराणंच खुनी आहे, तुम्हीही लढाया केल्याच की, आणि नंतर काहींशी तहही केलेत. वरवर हे 'तूही तसाच' छाप उत्तर आहे, पण खरी चलाखी त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. त्याने आरोपच बदललाय. लढाईत सैनिक मेले एवढाच मुद्दा कोणाचा नव्हता, पण तो तेवढाच होता असं त्याने ठरवून टाकलं, आणि मग त्या सोप्या आरोपाला उत्तर दिलं. ऐकणारे उत्तर बरोबर आहे का ते तपासत बसतात, प्रश्न कधी बदलला ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

आता थिओडेनचं उत्तर परत वाचा, पूर्ण प्रकरणातला सगळ्यात मजबूत युक्तिवाद तो आहे. तो म्हणतो की समजा तुझं युद्ध न्याय्य होतं, तसं ते नव्हतंच, पण समजा होतं, तरी माझ्या राज्यातल्या वेस्टफोल्डमध्ये ज्या मशाली लावल्यास आणि तिथे जी मुलं मरून पडली आहेत त्यांचं काय? आणि माझा द्वारपाल हामा मेल्यावर त्याच्या प्रेताचे तुकडे केले त्याचं काय? म्हणजे समोरच्याचं म्हणणं वादापुरतं मान्य करून मूळ आरोप तो जागेवर आणून ठेवतो. फॅलसीचं नावसुद्धा न घेता फॅलसी मोडायची ही पद्धत मला फार आवडते.

आवाजाच्या जादूबद्दल. टॉल्किन तिथे जे लिहितात ते जादूपेक्षा भाषणकलेचं वर्णन आहे. बेसावध ऐकणाऱ्यांना नंतर नेमके शब्द आठवत नाहीत, आठवले तर त्यात काही दमच वाटत नाही, आणि सारुमाननंतर दुसरा कोणीही बोलला की तो उर्मट आणि अडाणी वाटतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण त्याचा परिणाम विरोधकाच्या मुद्द्यावर होत नाही तर विरोधकाच्या सुरावर होतो, राजासोबत आलेला गिमली खरं तेच बोलतो पण तो किरकिर करतोय असं वाटत राहतं. आणि पहिल्या भागात सारुमान दुसऱ्या जादूगाराला, गँडाल्फला, फितवायचा प्रयत्न करतो तिथे सतत 'आपण', आपण वाट बघू, आपले हेतू तेच राहतील फक्त साधनं बदलतील, वाटेत होणाऱ्या वाईटाचं दुःखही आपण करू. समोरच्याने होकार द्यायच्या आधीच त्याला आपल्या बाजूला बसवलेलं असतं, यात निष्कर्ष काढावाच लागत नाही म्हणून दोषही सापडत नाही.

अर्धविराम

प्रोफेसरबद्दल थोडी त्याची बाजू घेते. तुम्ही म्हणता तसा फॉल्स ट्रायलेमा तो आहेच, लूसीला भास झाला असेल, तिला स्वप्न पडलं असेल, हे पर्याय त्याने धरलेच नाहीत. पण दोन गोष्टी सुटतात. तो आधी पीटर आणि सुझनला विचारतो की तुमच्या अनुभवात जास्त विश्वासाचं कोण, लूसी की तिला खोटं पाडणारा भाऊ एडमंड, म्हणजे साक्षीदाराची पत तपासतो. आणि निष्कर्ष काढताना नवीन पुरावा मिळेपर्यंत तूर्तास असं धरून चालू, असं म्हणतो. हा पक्का सिद्धांत नाही, तात्पुरता कौल आहे. मला जास्त खटकतं ते हे की कपाटामागे दुसरं जग असणं ही किती असंभवनीय गोष्ट आहे हे वजन तो काट्यावर ठेवतच नाही, पण फँटसीत लेखकाने जगाचे नियमच बदललेले असतात त्यामुळे आपल्याकडे कच्चा असलेला तर्क तिथे बरोबर ठरतो. तर्क दुबळा आणि निष्कर्ष खरा, असं दोन्ही एकदम असू शकतं, आणि कथेत तो खरा निघाला म्हणून तर्काला मागाहून मार्क मिळत नाहीत. लुईस यांनी हीच तीन पर्यायांची रचना त्यांच्या मेअर ख्रिश्चॅनिटीमध्ये येशूबद्दल वापरली आहे, म्हणजे त्यांना हा युक्तिवाद मनापासून पटत होता, त्यामुळे तुमची शंका रास्तच आहे.

पण त्याच मालिकेत त्यांनीच १९५३ च्या सिल्व्हर चेअरमध्ये खोट्या तर्काचं इतकं अचूक चित्र काढलंय. जमिनीखालच्या राज्यात चेटकीण विस्तवात हिरवी पूड टाकते, गोड वास पसरतो, ती तंतुवाद्य वाजवत राहते आणि सांगते की सूर्य वगैरे काही नसतंच, तुम्ही दिवा पाहिलात आणि त्यावरून मोठा दिवा कल्पिलात, मांजर पाहिलंत आणि त्यावरून सिंह. कल्पना कुठून आली ते सांगितलं की ती खोटी ठरली, अशी ही उडी आहे, जेनेटिक फॅलसी ती हीच. आणि बिचाऱ्या मुलांना उत्तर सापडत नाही कारण सूर्य कसा असतो ते सांगायला त्यांच्यापाशी दिव्याचीच उपमा आहे. शेवटी मुलांचा सोबती पडलग्लम अनवाणी पायाने विस्तव तुडवतो, वास जातो, डोकं ताळ्यावर येतं, मग तो बोलतो. हा क्रम बघा, आधी धूर बंद आणि मग वाद.

तिसरा_पर्याय

इथे माझा मतभेद आहे. पडलग्लम जे बोलतो तो स्वतःच तर्कदोष आहे. त्याचं म्हणणं असं की समजा आम्ही हे सगळं मनानेच रचलं असेल, तरी आमचं रचलेलं जग तुझ्या खऱ्या जगापेक्षा कितीतरी चांगलं आहे, म्हणून नार्निया नसला तरी मी नार्नियाच्या माणसासारखाच जगणार. परिणाम आवडतो म्हणून मत धरून ठेवायचं हे अपील टू कॉन्सिक्वेन्सेस नाही तर काय? हेच वाक्य एखाद्या खलनायकाच्या तोंडी घातलं तर आपण लगेच पकडू.

बाकी प्रोफेसरसारखीच चूक आपल्या हिरण्यकश्यपूची आहे, पुराणाला कोणी फँटसी म्हणावं असं माझं म्हणणं नाही, फक्त रचना बघा. दिवसा नको रात्री नको, आत नको बाहेर नको, माणूस नको पशू नको, प्रत्येक जोडीत सगळं जग मावलं असं त्याने धरलं. संध्याकाळ आणि उंबरठा त्याच्या यादीत नव्हते.

अर्धविराम

@तिसरा_पर्याय नाही पटत. तो 'म्हणून सूर्य आहे' असा निष्कर्ष काढला असता तर फॅलसी होती. तो काढत नाही, उलट चेटकिणीचं म्हणणं वादापुरतं मान्य करून सांगतो की मी कसा जगणार. वस्तुस्थितीबद्दलचं विधान आणि आपण काय करायचं याचा निर्णय या वेगळ्या गोष्टी आहेत, निर्णय घेताना परिणामांकडे बघणं चूक कसं असेल? वर थिओडेननेही हेच केलंय. शिवाय चेटकीण जे करते त्याला न्यायदर्शनात वितंडा म्हणतात, स्वतःचा पक्ष सिद्ध करायचाच नाही, फक्त समोरच्याचा पाडत राहायचा. फक्त हेच जग खरं, याला तिने एकही पुरावा दिलेला नाही.

तिसरा_पर्याय

निर्णय आणि विधान यातला फरक मान्य. पण वाचकावर होणारा परिणाम 'नार्निया खरा आहे' असाच होतो ना, आणि लेखकाला तेच हवंय. पात्र निर्दोष राहतं आणि पटवण्याचं काम पार पडतं.

काठावरची

या शेवटच्या मुद्द्यावरूनच लिहिते, कारण सगळे पात्रांबद्दल बोलताय आणि निवेदक आपल्याला कसा पटवतो ते राहतंय. अर्सुला ले ग्विन यांची ओमेलासची कथा, १९७३ ची. एक सुखी शहर, आणि ते सुख एका तळघरात कोंडलेल्या, उपाशी, घाणीत बसलेल्या एका मुलाच्या हालांवर टिकलेलं. बहुतेक जण ही कथा म्हणजे उपयुक्ततावादाला टाकलेलं कोडं म्हणून वाचतात, अनेकांच्या सुखासाठी एकाचे हाल चालतील का वगैरे, ते आहेच. पण निवेदिका काय करते बघा. ती शहर पूर्ण रंगवतच नाही, तुम्हाला हवं ते घाला म्हणते, अमुक यंत्रं हवीत तर असू देत, नको तर नको. वाचक आपल्या पसंतीचं शहर बांधत जातो. मग ती विचारते, आता विश्वास बसतो का? नाही? मग अजून एक गोष्ट सांगते, आणि तेव्हा ते मूल येतं. म्हणजे निव्वळ सुखावर आपला विश्वास बसत नव्हता, कोणाचे तरी हाल दाखवल्यावर बसला. तिने एकही युक्तिवाद केलेला नाही आणि तरी आपण त्या करारात सामील झालेलो असतो.

आणि शहरातले लोक मनाची समजूत कशी घालतात तेही तिथेच आहे. मुलाला पाहून आलेली तरुण माणसं आधी रडतात, चिडतात, मग हळूहळू म्हणायला लागतात की आता सोडवलं तरी त्याला त्या स्वातंत्र्याचं काय होणार, ते इतकं खचलंय की आनंद काय असतो ते त्याला कळणारच नाही. हे विधान कदाचित खरंही असेल! पण ते मूल असं झालंय ते कोंडल्यामुळेच, म्हणजे अन्यायाचा परिणाम हाच अन्याय चालू ठेवायचं कारण झाला. माझ्या मते फँटसीतला सगळ्यात भयंकर युक्तिवाद हा आहे, सारुमानपेक्षाही, कारण इथे कोणी कोणाला फसवायला बसलेलं नाही.

धुक्यातला_वाचक

खूप आभार, थिओडेनचं उत्तर मी दोनदा वाचूनही नुसता राग म्हणून सोडून दिलं होतं. @काठावरची तुमच्या मुद्द्यावरून लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला योद्धा बोरोमिर आठवला, त्याचंही तसंच ना? तोही कोणाला फसवत नाही, त्याला खरंच वाटतं की शत्रूची जादूची अंगठी आयती हातात आलीय म्हणजे ती त्याच्याविरुद्ध वापरायलाच मिळालीय, आणि सच्च्या मनाची माणसं बिघडणार नाहीत.

काठावरची

हो, आणि तो जे गृहीत धरतो तेच तर सिद्ध करायचं होतं. सच्ची माणसं बिघडत नाहीत हे कशावरून, तर बिघडतात ती सच्ची नसतातच म्हणून. प्लेटोच्या रिपब्लिकमध्ये ग्लॉकॉन अदृश्य करणाऱ्या अंगठीची गोष्ट सांगतो तेव्हा त्याचा दावा असा की ती मिळाली तर सज्जन आणि दुर्जन सारखेच वागतील, पकडले जायची भीती गेली की झालं. टॉल्किनच्या अंगठीचं उत्तर वेगळ्या बाजूने येतं. गँडाल्फ ती नाकारतो तेव्हा त्याला भीती स्वतःच्या लोभाची वाटत नाही, दयेची वाटते, दुबळ्यांची कणव आणि चांगलं करायची ताकद हवीशी वाटणं, याच वाटेने ती आपल्यात शिरेल असं तो म्हणतो. बोरोमिर आपल्या चांगुलपणाला पुरावा म्हणून पुढे करतो आणि गँडाल्फ त्याच चांगुलपणाला धोका समजतो, दोघांचं आधारवाक्य एकच आहे.