सोलापुरात ४ फुटी खाऱ्या पाण्याची टाकी: पाणी थंड करणारा चिलर लागेलच का?

प्रश्न: जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर ४×२×२ फुटांची टाकी ठेवायची आहे, क्लाऊनफिशसाठी. नळाचं पाणी चालेल का? पंख्यावर भागेल का?

उत्तर १: आधी वजन बघा. नुसतं पाणीच ४५० लिटर; काच, दगड, वाळू, स्टँड धरून ६०० किलोंच्या वर जातं. भिंतीलगत, तुळईवर ठेवा आणि इंजिनिअरला दाखवाच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, टाकी मात्र २५-२६ अंशांवर हवी. पंख्याने दोन-तीन अंशच उतरतात, म्हणून चिलर घ्याच. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंपही हवा.

उत्तर २: नळाचं पाणी नको. आरओ-डीआय (गाळून क्षार पूर्ण काढलेलं) पाणी घ्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. लिटरला ३५ ग्रॅम सागरी मीठ (स्वयंपाकाचं नव्हे!), म्हणजे ४०० लिटरला १४ किलो. वेगळ्या पिंपात पंप लावून दिवसभर फिरवा, घनता १.०२५. आपल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच. इथेच बहुतेक चुकतात.

उत्तर ३: मासे घाईने सोडू नका. नव्या टाकीत माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. दगड कोरडाच घ्या, समुद्रातून काढलेला जिवंत नको: दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.