मदत हवी आहे: मुलांची बायबल वचनं पाठ होतात आणि सोमवारी पुसली जातात

वास्कोकरीण:
मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारचा. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे वास्कोत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेली की कोंकणी. लेकीला देवनागरी अजून धड वाचता येत नाही, त्यामुळे सगळं ऐकूनच पाठ करायचं.

स्तोत्र २३ पासून सुरुवात केली. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." दोन दिवसांत पाठ. पण तिसऱ्या दिवशी नीट कान देऊन ऐकलं, तर बाई म्हणतायत "मला काही ऊन पडणार नाही". मी विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणे, देव छत्री धरतो. मला इतकं हसू आलं की दुरुस्त करायचंच राहिलं. मग संडेस्कूलमध्ये सगळ्यांसमोर तेच म्हणाली, मोठी मुलं हसली, आणि आता वचनाचं नाव काढलं की ती पलंगाखाली.

त्यात नवऱ्याने एका वचनाला एक चॉकलेट लावून दिलंय. रविवारी घडाघडा, सोमवारी कोरी पाटी. सासूबाईंच्या जुन्या बायबलात शब्द एक, माझ्या मोबाइलवरच्या सोप्या भाषांतरात वाक्यच वेगळं. दोघी दोन तऱ्हेने सांगतो आणि पोर मधल्या मध्ये गोंधळतं. धाकटा कशालाही फक्त "आमेन" म्हणतो.

मला बक्षिसं नकोत, स्पर्धा नको. घरात चालता-बोलता वचन तोंडात बसावं, एवढंच. कसं करता तुम्ही?

संडेस्कूल_ताई:
आधी दोघींनी एकच भाषांतर ठरवा, मग बाकीचं. कोणतंही चालेल, पण पुढची पाच वर्षं तेच. मी तर सासूबाईंचंच घेईन, कारण रोज संध्याकाळी मुलांजवळ बसणार त्याच.

वचन पाठ करून घेण्याआधी ते दाखवा. गोव्यातल्या मुलांनी मेंढरं पाहिलेली नसतात. कोल्हापूरला जाताना वाटेत धनगरांचा कळप लागला तर गाडी थांबवा. माझ्या मुलाने खांद्यावर कोकरू घेतलेला माणूस पाहिला, त्यानंतर मला "मेंढपाळ" कधी समजवावा लागला नाही. "उणे"साठी ताटात चार बांगडे वाढा, एक काढून घ्या आणि विचारा, किती उणे?

फोंड्याचा मास्तर:
स्तोत्रांत एकच गोष्ट दोनदा सांगायची रीत आहे, तिचा फायदा घ्या. स्तोत्र ११९, वचन १०५ बघा: "तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे" हा एक तुकडा, "माझ्या मार्गावर प्रकाशासारखे" हा दुसरा. पहिला तुम्ही म्हणा, दुसरा तिने. दोन दिवसांनी उलट करा. पावसाळ्यात लाईट गेली की टॉर्च तिच्या पायाशी धरून स्वयंपाकघरापर्यंत हेच म्हणत जायचं. आमच्याकडे महिनाभर पाहिजे तेवढा अंधार मिळाला, वीजखात्याची कृपा.

चॉकलेट बंद करा. नाहीतर ती वचनाचा भाव ठरवायला लागेल. आणि नवीन वचन शिकवण्यापेक्षा जुनं विचारण्यात जास्त वेळ घाला: दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. सोमवारी पुसलं जातं ते सोमवारी कुणी विचारत नाही म्हणून.

म्हापशाची आजी:
अगो बाय, तू वास्कोत राहतेस ना? मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लादाईन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) होते तेव्हा मुलांना घेऊन जा आणि नुसती बघ. तीन-चार वर्षांची पोरं मोठ्यांबरोबर सुरात उत्तर देतात. त्यांना कुणी बसवून शिकवलेलं नसतं. एक जण म्हणतो, बाकीचे उत्तर देतात, शेवटी उकडलेले चणे मिळतात. झालं. तुमचा पंथ वेगळा असेल, पण युक्ती घ्यायला काय हरकत?

तुझ्या "आमेन"वाल्यासाठी स्तोत्र १३६ घे. सव्वीस ओळी आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच: "त्याची दया सनातन आहे." पुढचं तू म्हण, शेपूट त्याचं.

आणि चाल लावा. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ख्रिस्ताची गोष्ट सांगणारं ख्रिस्तपुराण लिहिलं ते मराठी ओवीत. १६१६ साली आपल्या गोव्यातच रायतूरला (राशोलला) छापलं आणि चर्चमध्ये गायलं जायचं. ओवी म्हणजे जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडात राहणारी गोष्ट. माझी आई भाकरी थापताना तेवीसावं स्तोत्र ओवीच्या चालीवर म्हणायची. मला ते कधी पाठ करायला लागल्याचं आठवतच नाही.

फोंड्याचा मास्तर:
आजी, चाल ठीक आहे, पण चालीसाठी शब्द मोडू नयेत. मग मुलांना गाणं येतं, वचन येत नाही.

म्हापशाची आजी:
मास्तर, आधी तोंडात येऊ दे. शब्द मागाहून सरळ होतात.

वास्कोकरीण:
बारा दिवसांनी लिहितेय. चॉकलेट बंद (नवरा थोडा रुसला). सासूबाईंचं बायबल ठरलं. त्या संध्याकाळी भाजी निवडताना एक ओळ म्हणतात, मी काहीच विचारत नाही. चौथ्या दिवशी लेक पलंगाखालून बाहेर न येता तिथूनच दुसरा तुकडा म्हणाली. काल टोपलीपाशी येऊन बसली.

बांगड्यांचा प्रयोग केला. "उणे" आता पक्कं, पण "ऊन" तिने सोडलेलं नाही. दोन्ही म्हणते, आधी एक, मग दुसरं. सासूबाई म्हणतात राहू दे.

धाकट्याचं विचारू नका. काल सोलकढीचा पेला सांडला, मी ओरडणार तेवढ्यात त्याने मान वर करून सांगितलं, "त्याची दया सनातन आहे."

आता एकच अडचण. वचन येतं, पण अध्यायाचा आणि वचनाचा आकडा विचारला की दोघंही तोंडाला येईल तो नंबर ठोकतात. आकडे आत्तापासून शिकवावेत की वाचायला येईपर्यंत थांबावं?