थेरपिस्ट निवडताना आधी काय बघायचं, पदवी की भाषा?

कातरवेळ
बाबा गेल्यावर चार महिन्यांनी मी थेरपी सुरू केली. बाणेरमधलं क्लिनिक, बाई उत्तम शिकलेल्या, बोलणं सगळं इंग्रजीत. दुसऱ्या भेटीत मी सांगितलं, "कातरवेळ झाली की जीव थाऱ्यावर राहत नाही." त्यांनी विचारलं, "म्हणजे एंग्झायटी?" मी मान हलवली. पुढचे सहा आठवडे आम्ही एंग्झायटीवर काम केलं, श्वासाचे व्यायाम झाले, तक्ते भरले. पण मला धास्ती कसलीच नव्हती. बाबा साडेसातला फिरून आले की बेल न वाजवता कडी वाजवायचे. ती आता वाजत नाही, एवढंच होतं.

नंतर कोथरूडला एका मराठी बोलणाऱ्या समुपदेशकांकडे गेले. त्यांनी विचारलं, "कातरवेळीच का?" बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा मी तिथे पोटभर रडले.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. ज्या भाषेत तुम्ही रडता, त्या भाषेचा थेरपिस्ट आधी शोधा. पदव्या नंतर बघा.

धायरीफाटा
ताई, तुमचं दुःख कळतं, पण हा सल्ला सरसकट देऊ नका. आमच्या घरात तो महागात पडला.

माझा धाकटा भाऊ गॅसचं बटण तपासायचा. एकदा, दहादा, मग बसस्टॉपवरून परत येऊन. शेवटी बटणाचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवायला लागला, एका सकाळचे चाळीस. आम्ही त्याला एका प्रेमळ, मराठी बोलणाऱ्या समुपदेशक बाईंकडे नेलं. त्याचं त्यांच्याशी छान जमलं. दर आठवड्याला त्या समजावायच्या, "अरे, गॅस बंदच असतो, काही होत नाही." आठ महिने हे चाललं आणि फोटो वाढत गेले.

मग मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडी असल्याचं सांगितलं, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येतात आणि ते शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते असा आजार. तेव्हा कळलं की असा दिलासा म्हणजे त्या आजाराला खतपाणी. दिलासा मिळाला की घटकाभर बरं वाटतं, म्हणून मन तो पुन्हा मागतं. औषध सुरू झालं, आणि जोडीला ईआरपी, म्हणजे बटण एकदाच बघायचं, फोटो न काढता निघायचं आणि जी घालमेल होईल ती सोसायची. ते शिकवणारे थेरपिस्ट बंगळूरचे, व्हिडिओवर, इंग्रजी-हिंदीत. भावाला ते फारसे आवडायचेही नाहीत. पण फोटो थांबले.

पर्वतीपायथा
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून लिहिते. आमच्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा, त्यात संकोच कसला? नुसत्या 'समुपदेशक' पाटीला ही नोंदणी लागत नाही. त्यांच्यात फार चांगली माणसं आहेत, पण शिक्षण कुठे झालं आणि कामावर अनुभवी माणसाची देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन, कोणाची असते, हे तुम्हालाच विचारावं लागतं. औषध लागेल असं वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर.

'जमणं' या शब्दाबद्दल मात्र धायरीफाटा यांना थोडं अडवते. एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग मांडले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला जिव्हाळा. तुमच्या भावाकडे आधी फक्त तिसरा होता, नंतर पहिले दोन आले. ते बंगळूरचे थेरपिस्ट त्याला आवडत नसतीलही, पण घालमेल का सोसायची हे त्याला पटलं होतं. तेही जमणंच.

हडपसर_गाडीतळ
दीड-दोन हजार एका भेटीचे देणाऱ्यांची ही चर्चा आहे. आम्ही ससूनच्या, म्हणजे पुण्यातल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जातो. समोर जे डॉक्टर असतील ते आपले. निवड करायची वेळच येत नाही. ज्यांना आज, आत्ता बोलायचंय त्यांनी 14416 लावा, टेली-मानस, सरकारी आणि मोफत. मराठीत बोलता येतं.

उंबरठा
मला वेगळीच काळजी वाटते. हा धागा वाचून लोक दुसऱ्या भेटीतच थेरपिस्ट बदलतील. मी तीन वर्षांत चार बदलले. प्रत्येक वेळी आईचा विषय निघाला की मला वाटायचं, यांच्याशी काही जमत नाही. पाचव्या बाईंना मी तोंडावर सांगितलं, "तुमचा राग येतो." त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललात. कधीपासून येतो?" सोडण्याआधी एकदा समोर सांगून बघा. मात्र कुणी थट्टा केली, तुमचं गुपित घरच्यांना सांगितलं किंवा अंगचटीला आलं, तर तिथे सांगत बसू नका, सरळ उठा.

कातरवेळ
धायरीफाटा, चाळीस फोटोंचं वाचून गलबललं. 'पदव्या नंतर' हे मागे घेते. ओसीडीसारख्या त्रासात त्यावरचा नेमका उपचार येणारा माणूस आधी, हे मान्य. भाषेचं मागे घेणार नाही. दुःखाला आजाराचं नाव चिकटवलं गेलं, कारण माझं वाक्य त्यांना कळलं नाही. आणि उंबरठा, मीही मान हलवायच्या ऐवजी "नाही, एंग्झायटी नाही" म्हणायला हवं होतं. इंग्रजीत ते मला सुचलंच नाही.

धायरीफाटा
हे पटलं. भावालाही 'घालमेल' हा शब्द आम्हीच दिला होता. बंगळूरच्या सरांनी तो शिकून घेतला. दर भेटीला विचारायचे, "आज घालमेल कितनी, दस में से?"