पदवीला नकळत भेटलेला विषय: धरावा की सोडावा?

घाटमाथा :
माझी भाची टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. नीटला मार्क कमी पडले म्हणून बी.एस्सी., आणि केमिस्ट्रीच्या जोडीला हवा तो विषय फुल्ल झाला म्हणून जिऑलॉजी, म्हणजे भूशास्त्र. तिने तो मागितलाही नव्हता. आता म्हणते, एम.एस्सी. करीन तर जिऑलॉजीतच. घरात रोज खडाजंगी. ताई आणि दाजींचं एकच पालुपद: एमसीए कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, दगडधोंडे गोळा करून कोणाचं पोट भरलंय?

माझं मत विचाराल तर तिला जाऊ द्यावं. दहावीच्या पोरांना आपण ‘आवडीचं क्षेत्र निवड’ म्हणून सांगतो, पण त्यांनी पाहिलेली क्षेत्रं किती? डॉक्टर, इंजिनिअर, सीए आणि काका ज्या खात्यात असतील ते खातं. भूशास्त्र, संख्याशास्त्र, मानववंशशास्त्र ही मंडळी कॉलेजात गेल्यावरच समोर येतात. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात पदवी घेतली, मग मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र केलं, मग बर्लिनला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट. ते घुर्येसुद्धा मूळचे संस्कृतचे!

डार्विन तर एडिंबरोला मेडिकल शिकत असताना भूशास्त्राच्या लेक्चरांना इतका कंटाळला की या विषयाचं पुस्तक जन्मात वाचायचं नाही असं ठरवून बसला. पुढे केंब्रिजला गेला तो पाद्री व्हायला. १८३१ मध्ये भूशास्त्रज्ञ सेजविकबरोबर वेल्समध्ये खडक बघत हिंडला, आणि त्याच वर्षअखेर ‘बीगल’ जहाजावरून निघाला तेव्हा भूशास्त्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

साताऱ्याकडे जाताना एका घाटात भाचीने मला गाडी बाजूला घ्यायला लावली. कापलेल्या डोंगरात दोन काळ्या थरांच्या मधोमध विटकरी पट्टा होता. खालचा लाव्हा थंड झाल्यावर वरचा येईपर्यंत इतका काळ गेला की मधे माती धरली, असं तिने सांगितलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती माती. त्या रस्त्याने मी नोकरीभर ये-जा केली आहे, पट्टा कधी दिसला नव्हता.

हिशेबी :
मामा, डार्विनचे तीर्थरूप श्रीमंत डॉक्टर होते हे सोयीस्करपणे गाळलंत. ‘बीगल’वर त्याला पगार नव्हता, खर्च वडिलांचा. असे वडील असतील तर विषय कोणताही घ्या, अगदी दर वर्षी बदला.

आपल्याकडचा हिशेब असा. बी.एस्सी.वर या विषयात फारसं काही मिळत नाही, म्हणून एम.एस्सी. आलीच. मग प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. मग तासिका तत्त्वावर प्राध्यापकी, म्हणजे जितके तास तितके पैसे, सुट्टीत शून्य. सरकारी वाट म्हणजे यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. तिच्या जागा कधी दोन-अडीचशे, कधी शंभरच्या आत, आणि बसणारी पोरं देशभरातली. वयाची तिशी उंबरठ्यावर येते आणि हातात फक्त हातोडा.

इरावतीबाईंचं नाव सगळे घेतात. त्याच काळात मन मानेल तो विषय घेऊन कुठेच न पोचलेल्यांची नावं कोणी घेतं का?

खलबत्ता :
+१ हिशेबी. माझ्या चुलतभावाने फिलॉसॉफी ‘सापडली’ म्हणून इंजिनिअरिंग सोडलं. सध्या दोन्ही नाहीत.

चष्मेवाली :
मी भूशास्त्र शिकवते. माझी शंका पैशाची नाही. फील्डट्रिप आवडली म्हणजे विषय आवडला असं होत नाही. सह्याद्रीत गटाने चार दिवस हिंडायचं, संध्याकाळी गाणी. आवडणार नाही तर काय!

विषय खरा भेटतो लॅबमध्ये. खडकाची चकती घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायची, म्हणजे आरपार उजेड जाईल इतकी पातळ. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून स्टेज फिरवत बसायचं. प्लॅजिओक्लेज या खनिजाचे काळे-पांढरे पट्टे एकदा दिसले की जीव सुखावतो, मान्य. पण नंतर विझण्याचे कोन (स्टेज फिरवताना खनिज काळं पडतं तो कोन) मोजायचे, खनिजांचं प्रमाण काढायचं, तेही दुपारी जेवणानंतर पंखा बंद पडलेल्या खोलीत. वर्गातले निम्मे घाटातले रोमँटिक इथे गळतात.

तेव्हा घाटमाथा, भाचीला एवढंच विचारा: ऑप्टिकल मिनरॉलॉजीचा, म्हणजे याच सूक्ष्मदर्शकाच्या कामाचा, जर्नल स्वतः लिहिला की मैत्रिणीचा उतरवला?

घाटमाथा :
विचारलं. स्वतः लिहिलाय, आणि दोघींनी तिचा उतरवलाय. शिवाय कपाटातले कपडे खाली ठेवून वरच्या कप्प्यात गारगोट्या मांडल्यात. त्यात वाघोलीच्या खडीच्या खाणीतला कॅव्हन्साइट आहे, पांढऱ्या स्टिल्बाइटवर करवंदाएवढा मोरपिशी गुच्छ. भिंगातून बघितलं की एकेक सुई सुटी दिसते. ताई म्हणते, एवढ्या मायेने कधी अभ्यासाची पुस्तकं मांडली नाहीस. अगं, हाच तर तिचा अभ्यास!

हिशेबी :
छंद म्हणून ठेवू दे की कपाटात. सिन्नरला गारगोटीचं अख्खं संग्रहालय आहे, तिकीट काढून बघता येतं. त्यासाठी करिअर कशाला पणाला लावायचं?

विहीरबारव :
मी भूजलाच्या कामात आहे, नागपूरकडे. दोन्ही बाजू पुण्यात बसून बोलताहेत असं वाटतंय. 😄

हिशेबी, जागांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण यादी अर्धीच दिलीत. त्याच परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात हायड्रोजिऑलॉजिस्ट घेतात. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. बोगदा, धरण, मेट्रो, काहीही खोदायचं तर आधी कोअर (जमिनीत भोक पाडून काढलेला खडकाचा दांडा) काढून वाचणारा माणूस लागतो. मुंबईत मेट्रो ३ बेसाल्ट आणि ब्रेशियातून (तुकडे सांधून बनलेल्या खडकातून) गेली, तिथे कोणीतरी ती पेटीतली कोअर बघून पुढे काय लागेल ते सांगत होतंच ना? माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३ या दरडींनंतर तरी ‘दगडवाल्यांचं काय काम’ असं या राज्यात कोणी विचारू नये.

गावात अजून पाणाडी तळहातावर नारळ ठेवून फिरतो आणि लोक त्याच्या शब्दावर सहाशे फूट बोअर मारतात. आपल्या बेसाल्टात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. खाली अखंड काळा पाषाण लागला की पैसे फुकट. हे सांगणारा माणूस तालुक्याला एक मिळाला तरी पुष्कळ.

मात्र घाटमाथा, तुमचंही पूर्ण पटत नाही. ‘विषय भेटला’ म्हणून सगळं सुरळीत होत नाही. सुरुवातीचा पगार कंत्राटी, मुक्काम साइटवर, उन्हात ४५ अंशाला रेझिस्टिव्हिटीच्या (जमिनीचा विद्युतरोध मोजायच्या) तारा ओढायच्या. माझ्या बॅचचे कितीतरी जण आयटीत गेले आणि सुखात आहेत. त्यांनाही विषय आवडत होता हो.

आजोळ :
मुलगी आहे म्हणून विचारते, रागावू नका. खाणीत बायकांना घेतात का? आमच्या चंद्रपूरला कधी बघितल्या नाहीत.

विहीरबारव :
ताई, प्रश्न रास्त आहे. १९५२ च्या खाण कायद्याने भुयारी खाणीत बायकांना मनाईच होती. २०१९ मध्ये केंद्राने ती सैल केली: तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामावर सकाळी सहा ते संध्याकाळी सात, लेखी संमती घेऊन. कागदावर दार उघडलंय, आत स्वच्छतागृह आहे का हे प्रत्येक ठिकाणी बघावं लागतं. पण भूशास्त्र म्हणजे फक्त खाण नव्हे.

हिशेबी :
बरं, विहीरबारव यांचं निम्मं मान्य. माझी अट एकच: मुलीने आयआयटीची जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, द्यावी, त्यात भूशास्त्राचा पेपर आहे. मुंबईच्या आयआयटीत अप्लाइड जिऑलॉजीची एम.एस्सी. आहे. तिथे किंवा तशा ठिकाणी नंबर लागला तर दाजींना मी स्वतः समजावीन. नाही लागला तर मिळेल त्या कॉलेजात ॲडमिशन घेऊन दोन वर्षं घालवू नयेत.

चष्मेवाली :
अजिबात नाही. जॅममध्ये पहिल्या फटक्यात न बसलेल्या माझ्या विद्यार्थिनी साध्या विद्यापीठातून एम.एस्सी. करून चांगल्या जागी आहेत. तुमच्या अटीने नीटचीच पुनरावृत्ती होईल: एका पेपरवर पोरीचा निकाल. एकदा झालं ना तिचं तसं!

हिशेबी :
मग कशावर ठरवायचं? कपाटातल्या गारगोट्यांवर?

विहीरबारव :
कामावर. मे महिन्यात पावसाआधी आम्ही निरीक्षण विहिरींची पातळी मोजतो. घाटमाथा, भाचीला पाठवा. टेप सोडायची, वाचन लिहायचं, पुढच्या गावी. जेवण डब्यातलं, मानधन नाही. दाजींनाही घेऊन या, जीपमध्ये जागा आहे.

घाटमाथा :
दाजींना विचारतो. ते आधी विचारतील की जीपला एसी आहे का.