काळ्या गाडीवर जाळ्यासारखे ओरखडे : धुताना-पुसताना नेमकं काय चुकतंय? (सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. गेल्या पाडव्याला गाडी घेतली. पगारातून पैसे बाजूला टाकत घेतलेली माझी पहिली गाडी, रंग काळा. घर विश्रामबागला आहे. वर पत्र्याची शेड आहे, पण तीन बाजू मोकळ्या, त्यामुळे धूळ भरपूर बसते.

परवा रात्री पेट्रोल पंपावर उतरले आणि वरच्या दिव्याचा उजेड बॉनेटवर पडलेला बघितला. दिव्याच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा! घरी येऊन मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं, तर दारांवर आणि डिकीवरही तेच. नऊ महिन्यांच्या गाडीची ही अवस्था बघून रात्रभर चैन पडलं नाही.

आमच्याकडे गाडीची निगा अण्णा (माझे वडील) राखतात. रोज सकाळी सहाला जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने सगळी गाडी पुसून काढतात. रविवारी बादलीत कपड्याची पावडर घालून स्पंजने धुतात. पाणी बोअरचं. वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, म्हणून मग तेही घासून पुसतात. एवढ्या मायेने करतात आणि तरी ओरखडे येतात, ते कशाने? पद्धत बदलायची तर नेमकी काय बदलू? साहित्य कोणतं घेऊ? आणि अण्णांना वाईट न वाटता हे कसं सांगू, तेही कोणी सुचवलं तर बरं होईल.

वाळव्याकडचा

ताई, सकाळचं कोरडं पुसणं आधी थांबवा. बाकी सगळं त्यानंतर.

फडकं कितीही मऊ असू दे, ओरखडा फडक्याने येत नाही, फडक्याखाली सापडलेल्या कणाने येतो. आपल्या भागात तर आता कारखान्यांची धुराडी पेटल्यात. सकाळी गाडीवर बोट फिरवून बघा, काळी राख येईल. ती बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख, तिच्यात सिलिका भरपूर असते. म्हणजे बारीक वाळूच समजा. वरून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली माती. हे सगळं कोरडं असताना फडकं दाबून फिरवलं की लय हलक्या हाताचा पॉलिश पेपर मारल्यासारखंच होतं. रोज एकदा म्हणजे नऊ महिन्यांत अडीचशेच्या वर वेळा.

माझी गाडी पांढरी आहे. मीही चार वर्षं असंच पुसायचो. पांढऱ्यावर दिसत नाही एवढंच, टॉर्च तिरका मारला की तिथंही दिसतंय.

स्प्रेगन मिरज

मी 22 वर्षं डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण आत काय आहे ते कळलं की हात आपोआप हलका होतो.

कंपनीच्या पेंटमध्ये पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर असतं, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यात लॅकर 40च्या आसपास. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. चकाकी सगळी त्या वरच्या पातळ थराची. तुम्हाला दिसलेल्या रेघा या लॅकरमध्येच आहेत, खालच्या रंगाला धक्का नाही. नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर पॉलिशने निघतील. अडकलं तर ओरखडा खोल आहे.

रेघा गोल दिसतात म्हणून गोल हात फिरवल्यानेच आल्या असं समजू नका. रेघा सगळ्या दिशांना असतात. दिव्याचा उजेड ज्यांच्यावर आडवा पडतो त्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती जाळं दिसतं. दिवा सरकवला की जाळंही सरकतं. तरी हात सरळ फिरवा असंच मी सांगेन, म्हणजे चुकून कण सापडला तरी एक सरळ रेघ येईल, सगळ्या बाजूंनी भोवरे येणार नाहीत.

पॉलिशची घाई मात्र करू नका. दर रबिंगला लॅकरचा थोडा थर जातो आणि गेलेला परत येत नाही. माझ्याकडे अशा गाड्या आल्यात की दर दिवाळीला बफिंग करून करून छपरावरचं लॅकर पार संपलं आणि रंग उन्हाने पिठासारखा झाला. मग पूर्ण पॅनल रंगवल्याशिवाय इलाज नाही. आधी धुण्याची पद्धत बदला, दोन-तीन महिने जाऊ द्या, मग एकदाच चांगलं पॉलिश करून घ्या. पद्धत तीच राहिली तर पॉलिशचे पैसे पाण्यात.

ऑगस्ट 2019च्या पुरानंतरचं सांगतो. नदीचा गाळ गाड्यांवर बसून वाळला होता. ज्यांनी घाईघाईने खराट्याने, फडक्याने खरवडला त्यांच्या गाड्या आमच्याकडे आल्या तेव्हा पॅनलवर हात फिरवला तर खरखर लागत होती. आणि एका कुटुंबाने दोन दिवस नुसती ओली पोती टाकून गाळ भिजवला आणि पाण्याच्या धारेने सोडवला. ती गाडी बाहेरून जवळपास जशीच्या तशी निघाली. इंजिनाचं काय झालं तो वेगळा विषय.

कास रस्ता

साताऱ्याहून लिहितोय. आमच्याकडे राखेच्या जागी जांभ्याची लाल माती. यवतेश्वरवरून कासला जाऊन आलं की गाडीची मागची बाजू गेरू फासल्यासारखी होते. माझी गाडी गडद निळी आहे, त्यामुळे काळजी तुमच्याइतकीच. मी करतो ते सांगतो.

गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग धरतो. म्हणून सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. आधी चाकं धुवायची, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा. ब्रेकची धातूची भुकटी चाकावर असते, ती चुकूनही गाडीच्या अंगावर नको.

मग नुसतं पाणी, वरून खाली, सगळ्या गाडीवर. हात लावायचा नाही. ही पायरी लोक दोन मिनिटांत उरकतात, मी दहा मिनिटं देतो. चाकांच्या वरची कमान, दारांचा खालचा भाग आणि नंबर प्लेटच्या आजूबाजूला जास्त. जेवढी माती इथं पाण्याने जाईल तेवढी पुढे हाताखाली येणार नाही. प्रेशर वॉशर असेल तर नळी हातभर तरी लांब धरा. फोम मारता आला तर उत्तम, पाच मिनिटं फेस बसू द्यायचा, पण वाळू द्यायचा नाही.

त्यानंतर दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा मिळतो, त्याला मिट म्हणतात, लांब लव असलेला घ्या. कण त्या लवेत आत शिरतो, पत्र्यावर घासला जात नाही. स्पंज सपाट असतो, त्यामुळे कण त्याच्या आणि पत्र्याच्या मध्येच अडकून राहतो. शाम्पूत मिट बुडवायचा, छप्पर धुवायचं, साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून पिळायचा, मग परत शाम्पूत. दर पॅनलनंतर असंच. काम संपल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशी बघा, केवढी माती बसलेली असते! एकाच बादलीत केलं असतं तर ती सगळी परत गाडीवर गेली असती. बादलीच्या तळाशी ठेवायची प्लॅस्टिकची जाळी मिळते, तीही टाका, म्हणजे खाली बसलेली माती ढवळून वर येत नाही.

क्रम छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी खालचा पट्टा. दाबायचं अजिबात नाही, मिटच्या स्वतःच्या वजनाने जाऊ द्या.

कपड्याची पावडर बंद करा. ती तेलकट मळ काढायला बनवलेली असते, त्यामुळे गाडीवरचं वॅक्सही काढून नेते. गाडीच्या शाम्पूने मिटला बुळबुळीतपणा येतो, तोच पेंटला वाचवतो.

जत पूर्व

वरचं सगळं पटलं, पण ज्यांच्याकडे पाणीच नाही त्यांनी काय करायचं? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तिथं पाइप लावून गाडी धुणं मनालाच पटत नाही.

मी तीन वर्षं रिन्सलेस वॉश वापरतोय. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात अर्ध्या बादलीत मिसळायचा, वरून परत पाणी मारायची गरज नाही. त्यातली द्रव्यं कणाभोवती निसरडा थर धरतात, त्यामुळे तो घासला न जाता फडक्यात उचलला जातो. तेच मिश्रण फवारणीच्या पंपात भरून आधी गाडीवर मारतो, दोन-चार मिनिटं भिजू देतो. मग सहा-सात मायक्रोफायबर फडकी बादलीत भिजवलेली असतात, त्यातलं एक काढायचं, चार घड्या करायच्या, एक बाजू एका पट्ट्याला, मग घडी पलटायची. वापरलेलं फडकं परत बादलीत जात नाही. पाच-सहा लिटर पाण्यात गाडी होते.

एक अट आहे. चिखलाने भरलेल्या गाडीला हे चालत नाही. रानातून आलो की आधी चिखल धारेने काढावाच लागतो, तेवढं पाणी मी राखून ठेवतो.

तुमच्या अण्णांसाठी मला हेच योग्य वाटतं, ताई. रोज गाडीला हात लावायची सवय आहे त्यांची. ती मोडण्यापेक्षा त्यांच्या हातात योग्य वस्तू द्या.

विटा 71

मी वयाने तुमच्या अण्णांच्या आसपास असेन. माझ्या वडिलांची बैलगाडी होती. रोज सकाळी चाकापासून धुरीपर्यंत पुसल्याशिवाय ते चहा घेत नसत. आमच्या पिढीला वस्तूवर हात फिरवला म्हणजे तिची काळजी घेतली असं वाटतं. तेव्हा “तुमच्यामुळे ओरखडे आले” हे वाक्य घरात येऊ देऊ नका. टॉर्च त्यांच्या हातात द्या आणि त्यांना स्वतः बघू द्या. मग हा धागा वाचून दाखवा. मला माझ्या सुनेने असंच सांगितलं होतं, आणि मी ऐकलं.

स्प्रेगन मिरज

पुसण्याबद्दल राहिलं होतं, ते लिहितो. धुताना नीट केलेलं बरेच जण पुसताना घालवतात.

पुसायच्या आधी पाइपचं नोझल काढून टाका आणि मंद धार छपरावरून सोडा. फवारा नको, अखंड धार हवी. पाणी चादरीसारखं घसरतं आणि जाताना बरंच पाणी बरोबर घेऊन जातं. मग मोठा, जाड ड्रायिंग टॉवेल, पीळदार धाग्याचा, 800 जीएसएमच्या (चौरस मीटरला 800 ग्रॅम वजन) वरचा. तो बॉनेटवर पसरायचा, तळव्याने हलकं थोपटायचं किंवा दोन टोकं धरून आपल्याकडे सावकाश ओढायचं. घासायचं नाही. बनियन, धोतर, टर्किशचा टॉवेल यांचे धागे पाणी ओढत नाहीत असं नाही, पण कण पोटात घेत नाहीत.

रबरी वायपर गाडीच्या अंगावर कधीही नको. पात्याखाली एक कण आला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून परत वापरायचं नाही. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुवू नका, त्याला सुताचा तंतू चिकटतो. कपडे मऊ करायचं द्रव्यही घालू नका, धाग्याची पाणी ओढायची ताकद जाते.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके म्हणजे क्षार. पाणी उडून जातं, क्षार राहतो. तो कोरडा घासून निघत नाही, उलट तोच ओरखडे पाडतो. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून फडकं ओलं करायचं, ठिपक्यावर मिनिटभर ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. उन्हात करू नका. शेवटचं पाणी नळाचं वापरता आलं तर ठिपक्यांचा त्रास पुष्कळ कमी होईल. पावसाचं साठवलेलं असेल तर त्याहून चांगलं.

आणि दसऱ्याचा हार! बॉनेटला बांधलेल्या झेंडूच्या हारात तार असते. वाऱ्याने हलून ती घासते. दर वर्षी दसऱ्यानंतर आठवडाभरात माझ्याकडे अशा चार-पाच गाड्या येतात. हार दोऱ्यात ओवलेला घ्या आणि गाडी चालवायच्या आधी उतरवून ठेवा. स्वस्तिक काढायचं तर काचेवर काढा. बॉनेटवरचं कुंकू दुसऱ्या दिवशी कोरडं पुसू नका, पाण्याने सोडवा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉनेटच्या पुढच्या कडेला दोन जाड रेघा आहेत, त्या कशाच्या ते आज कळलं. दसऱ्याचा हार तिथंच होता. नख अडकतंय.

कृष्णाकाठची (पाच आठवड्यांनी)

काय झालं ते कळवते. विट्याच्या काकांनी सांगितलं तसंच केलं. संध्याकाळी अण्णांच्या हातात टॉर्च दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाचून दाखव काय लिहिलंय ते.” मिरजेच्या दादांचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला.

आता सकाळी सहाला ते गाडीला हात लावत नाहीत, नुसती फेरी मारून बघतात. पक्ष्याची विष्ठा असली तर ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवतात आणि न घासता उचलतात. बुधवारी रिन्सलेस, रविवारी दोन बादल्या. फडक्यांवर त्यांनी काळ्या दोऱ्याने खुणा शिवल्यात : एक टाका चाकांचं, दोन टाके खालच्या पट्ट्याचं, बिनटाक्याचं वरचं. धोतराचं फडकं आता आतल्या डॅशबोर्डला.

नवी रेघ आलेली नाही, दर रविवारी टॉर्च मारून बघतो. पॉलिश उन्हाळ्याच्या आधी करून घेऊ.

अण्णांचा एक प्रश्न आहे : काचेला तोच मिट वापरला तर चालतो का?

स्प्रेगन मिरज

अण्णांना नमस्कार सांगा. चालतो, क्रमातच धुवा. काच लॅकरपेक्षा कठीण आहे. पण वायपरची पाती उचलून त्यांच्या रबराच्या कडा ओल्या फडक्याने पुसून घ्या. तिथं अडकलेली वाळू काचेवर कमानीसारखा ओरखडा पाडते, आणि तो पॉलिशने सहज जात नाही. टाक्यांची खूण चांगली आहे, उद्यापासून माझ्या पोरांना तसंच शिवायला सांगतो.