मनाची उभारी आणि आजारपण : आपले अनुभव सांगा

गोदाकाठ
चैत्रोत्सवासाठी वणीला पायी निघालेले भाविक परवा दिंडोरी रोडवर दिसले आणि आजीची आठवण झाली. तिला क्षयरोग झाला तेव्हा ती म्हणे, "गडावरच्या देवीला बोलले आहे, मला काही होत नाही." ती बरी झाली ती गोळ्यांनीच, याविषयी मला शंका नाही, परंतु जरा बरे वाटू लागले की अनेक जण औषध सोडतात, आणि तिने मात्र सहा महिन्यांचा तो कंटाळवाणा उपचार एकही खंड न पाडता पुरा केला, तो त्या श्रद्धेच्या बळावर, असे मला वाटते. आपल्याकडे असे काही घडले आहे का?

सिडकोकर
श्रद्धेचे मी सांगू शकत नाही, पण स्वभावाचा परिणाम मोजला गेला आहे. अमेरिकेत शेल्डन कोहेन यांनी 334 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून त्यांना वेगळे ठेवले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आनंदी, उत्साही आणि शांत वृत्तीच्या लोकांना सर्दी कमी झाल्याचे दिसले. अर्थात ही गोष्ट सर्दीची आहे, हे विसरू नये.

इंदिरानगरची सून
सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. त्यांचे सारे करताना विळीवर बोट कापले, तर जखम भरता भरेना. साखर तपासली, ती व्यवस्थित निघाली. नंतर वाचनात आले की 1995 च्या एका अभ्यासात अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांची मुद्दाम केलेली छोटी जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सुमारे नऊ दिवस अधिक लागले होते. कुकरची शिट्टी झाली, बाकीचे नंतर लिहिते.

गंगापूर रोड
माझ्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण "सकारात्मक राहा" असे बजावून जाई. केमोनंतर रडू आले तरी त्या स्वतःलाच दोष देत, आणि त्या उपदेशाचा मला आजही संताप येतो. आधारगटात बसणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगल्या, असे डेव्हिड स्पीगेल यांनी 1989 मध्ये 86 रुग्णांच्या अभ्यासावरून मांडले होते. परंतु त्यांनीच पुन्हा घेतलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे एकंदरीत आढळले नाही. वहिनींना खरा आधार वाटला तो न बोलता डबा ठेवून जाणाऱ्या शेजारणीचा.

पंचवटीचा नातू
गंगापूर रोडकर, पूर्ण सहमत आहे. थोडे हलके लिहितो : आमच्या आजोबांना काढ्याच्या वासानेच घाम फुटून ताप उतरे, असा त्यांचा दावा होता! रॉबर्ट एडर यांनी 1975 मध्ये उंदरांना सॅकरीनचे गोड पाणी आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध एकत्र दिले होते. पुढे नुसत्या गोड पाण्यानेही त्यांची प्रतिकारशक्ती घटली. म्हणजे शरीर चवीवरूनही काही शिकते, मग आजोबांना खोटे कसे म्हणावे?

गोदाकाठ
इंदिरानगरच्या ताई, आपल्याला दिवसातून थोडा वेळ तरी मोकळीक मिळते का? आमच्या आईसाठी दुपारी येणाऱ्या मावशी इंदिरानगरातच राहतात आणि त्यांची सकाळ मोकळी असते. व्यक्तिगत निरोप पाठवा, त्यांना विचारून कळवतो.

इंदिरानगरची सून
पाठवला आहे, दादा. सकाळचे दोन तास मिळाले तरी पुष्कळ होईल.