मदत हवी आहे: केबलवर कबड्डीचं थेट समालोचन, दोघेही नवखे

आमच्या तालुक्याच्या केबल वाहिनीवर येत्या शुक्रवारपासून तीन दिवस मॅटवरची कबड्डी थेट दाखवायची आहे. समालोचनाला दोघं आहेत, दोघंही खेळासाठी पहिल्यांदाच माईकसमोर. एक कॉलेजचा चढाईपटू, दुसरी आमच्याकडे बातम्या वाचते. खेळ त्याला कळतो, आवाज तिचा चांगला, पण एकत्र बसले की मेळ बसत नाही.

खरी अडचण चढाईच्या 30 सेकंदांत आहे. परवा सरावाच्या सामन्यात एक जण बोनस रेषा ओलांडून परतलासुद्धा, आणि हे दोघं अजून आधीच्या पकडीवरच बोलत होते. बचावात किमान 6 जण होते का, म्हणजे बोनस लागू होता का, काहीच सांगितलं नाही. बाकी वेळ 'जबरदस्त', 'अप्रतिम' चालू. घरी बघणाऱ्याला गुण कशाचा मिळाला तेच कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या सामन्यांचा आवाज बंद करून बोलायला लावलं, खेळाडूंची नावं आणि क्रमांक पुठ्ठ्यावर लिहून दिले. नावं सुधारली, वेळ साधत नाही. कॅमेरे दोनच, रिप्ले नाही, कानात सूचना द्यायची सोय नाही. बाहेरून कुणाला आणायला पैसे नाहीत. या दोघांना बदलायचंही नाही, मनापासून मेहनत घेतायत.

ज्यांनी समालोचन केलंय त्यांनी सांगा: चढाई चालू असताना एकानंच बोलायचं आणि पंचांनी गुण दिल्यावर दुसरीनं, ही वाटणी प्रत्यक्षात टिकते का? आणि शेजारी उभं राहून मी कोणत्या खुणांनी त्यांना वेळेवर थांबवू?